अख्खीच्या अख्खी

इंटरनेट उद्या बंद पडलं तर काय, या काळजीपोटी इंटरनेटच घरी आणून ठेवणारी माणसं आपल्या आसपास बरीच होती. ती कुणाच्या फारशी नजरेस आली नाहीत, कारण त्यांचा सगळा कारभार रात्री दोन ते सकाळी आठ या वेळात चालायचा.

वेळ त्यांनी ठरवली नव्हती, बीएसएनएलने ठरवून दिली होती. २००५ च्या जानेवारीत ‘डेटावन’ नावाने ब्रॉडबँड आलं. दिवसा डेटा मोजूनमापून मिळे, आणि महिन्याचा कोटा संपला की पुढच्या प्रत्येक एमबीला पैसे पडत. काही योजनांमध्ये मात्र रात्री दोन ते आठ मीटर बंद असे. उतरवा काय उतरवायचं ते. त्याआधीची आमची सगळी हयात डायल-अपवर गेलेली. छप्पन केबीपीएसचा मोडेम सेकंदाला चार-पाच केबी देई, तेही लाइनच्या मनात असेल तर. एक एमबी उतरवायला तीन-चार मिनिटं लागत. एखाद्याचा फोटो उघडला तर आधी कपाळ दिसे, मग भुवया, आणि नाकापर्यंत यायच्या आत घरातलं कुणीतरी फोन उचलून ‘हॅलो’ म्हणे. संपलं. फोटोतला माणूस तसाच बिननाकाचा राही. अशा पिढीला ‘रात्री दोनला उठलात तर कितीही’ असं कुणी सांगितलं, तर ती उठणारच.

आमचे एक काका उठायचे. पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. गजर पावणेदोनचा, कारण ‘मशीन सुरू व्हायला वेळ लागतो आणि ऐनवेळी धावपळ नको.’ पहिल्याच आठवड्यात त्यांनी कागदावर हिशेब मांडला. लाइन २५६ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला बत्तीस हजार बाइट. सहा तासांचे एकवीस हजार सहाशे सेकंद. गुणाकार केला की ६९१ एमबी येतात, आणि कोऱ्या सीडीवर मावतात ७०० एमबी.

“बघ,” काका मला म्हणाले, “एक रात्र म्हणजे एक सीडी. बरोब्बर.”

मी म्हटलं, योगायोग असेल. काकांना ते पटलं नाही. नियोजनात मुरलेल्या माणसाला आकडे असे जुळले की त्यामागे कुणीतरी विचार केलाय असंच वाटतं.

आता रोज रात्री एक सीडी भरायची तर एकेक पान ‘सेव्ह अ‍ॅज’ करत बसून भागत नाही. त्यासाठी अख्खीच्या अख्खी साइट उतरवणारी सॉफ्टवेअरं होती. टेलिपोर्ट प्रो होतं, वेबझिप होतं, ऑफलाइन एक्सप्लोरर होतं. पण ही विकतची. चकटफू आणि शिवाय राजरोस असं होतं ते एचटीट्रॅक. झेवियर रोश या फ्रेंच माणसाने ते १९९८ मध्ये बाहेर आणलं, आणि सॉफ्टवेअरचा मूळ कोडही सगळ्यांना खुला ठेवला. काम समजायला सोपं. साइटचा पत्ता द्यायचा. ते पहिलं पान उघडतं, त्यावरचे सगळे दुवे टिपून घेतं, एकेक दुव्यावर जाऊन ते पान आणतं, त्यावरचे नवे दुवे पुन्हा यादीत घालतं, आणि हे करताना प्रत्येक पानातल्या दुव्यांची तोंडं इंटरनेटकडून आपल्या हार्ड डिस्ककडे वळवून ठेवतं. सकाळी उठून नेटची वायर काढून टाकली तरी साइट चालू. हे पान दाबलं की ते पान, ते दाबलं की पलीकडचं. सगळं घरातल्या घरात.

एचटीट्रॅकच्या खिडकीत चालू कामाची यादी दिसते. कुठली फाइल येते आहे, किती आली, किती दुवे तपासले, किती अजून रांगेत आहेत. काका खुर्ची ओढून समोर बसत. खरं म्हणजे काम सुरू करून झोपायला हरकत नव्हती, सॉफ्टवेअरला कुणाची गरज नव्हती. पण फाइलींची नावं सरकत असताना उठून जाणं त्यांच्याने सहसा व्हायचं नाही. मीही एकदा तिथे राहायला गेलो असताना त्यांच्या शेजारी बसलो. पडद्यावर कुणाच्या तरी पक्षिनिरीक्षणाच्या साइटवरून खंड्या येत होता. खंड्या आला. मग सुगरण रांगेला लागली. काका म्हणाले, “सुगरण जड आहे, फोटो मोठा दिसतोय.” पहाटे तीन वाजता दोन प्रौढ माणसं सुगरणीची वाट बघत बसली होती, आणि सुगरण पूर्ण आल्यावर दोघांपैकी एकानेही ती उघडून बघितली नाही. पुढे धनेश होता.

याच कामाचं आणखी एक सॉफ्टवेअर म्हणजे डब्ल्यूगेट. ते क्रोएशियाच्या ह्र्वोये निक्शिच यांनी १९९६ मध्ये लिहिलं. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची की झालं. जाणकार लोक तेच वापरतात आणि खिडकीवाल्यांकडे जरा वरून बघतात. जाणकारांमध्ये हार्वर्डचा एक विद्यार्थीही होता. २००३ मध्ये त्याने वसतिगृहांच्या साइटवरचे मुलामुलींचे फोटो असेच घाऊक उतरवले आणि त्यांतलं देखणं कोण, असा एक थिल्लर खेळ तयार केला. विद्यापीठाने कान उपटले. पुढच्या वर्षी त्याने फेसबुक काढलं. ‘द सोशल नेटवर्क’ या सिनेमात तो प्रसंग आहे, डब्ल्यूगेटच्या नावासकट. आज फेसबुकच्या दारावर पाटी आहे की लेखी परवानगीशिवाय कोणत्याही स्वयंचलित यंत्राने इथून काही गोळा करू नये. वरच्या मजल्यावर पोहोचल्यावर शिडी ओढून घेणं आपल्याकडेही चालतं, पण इतक्या सफाईने क्वचितच.

काकांची खरी पंचाईत मात्र ‘अख्खी साइट’ म्हणजे किती, या प्रश्नावर झाली.

पुस्तकाला पुठ्ठा असतो. शेवटचं पान उलटलं की पुढे काही नाही. वेबसाइटला असं काही नसतं. प्रत्येक पानातून दहा वाटा फुटतात, त्यातल्या काही साइटच्या आत फिरतात आणि काही बाहेर निघून जातात. म्हणून सॉफ्टवेअर सेटिंगमध्ये विचारून ठेवतं : आत किती पातळ्यांपर्यंत जायचं, आणि बाहेरच्या साइट्सवर किती? लग्नाच्या आमंत्रणांची यादी करायला बसलेल्या घरात हाच प्रश्न येतो. पहिल्या पातळीवर सख्खे. दुसऱ्या पातळीवर सख्ख्यांच्या सासरचे. मग कुणीतरी म्हणतं, जाऊबाईंच्या भावाला बोलावलंत आणि त्याच्या साडूला नाही, बरं दिसेल का ते? यादी तिसऱ्या पातळीवर जाते. चौथ्या पातळीला कार्यालय पुरत नाही. सहाव्या पातळीला मुलीकडचीच माणसं मुलाकडच्या यादीत सापडायला लागतात, आणि सातव्या पातळीवर सगळा तालुका एकमेकांचा कुणी ना कुणी लागतो हे लक्षात येऊन यजमान पेन खाली ठेवतो.

एचटीट्रॅकमध्ये बाहेरची पातळी मुळात शून्य ठेवलेली असते. घरचंच कार्य, बाहेरचं कुणी नाही. काकांनी ती एक केली. “कशाला कुणाला दुखवायचं,” हे त्यांचं कारण. त्या रात्री त्यांनी सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरची एक हौशी साइट उतरवायला लावली होती. सकाळी पाहतात तो डिस्कवर किल्ले बेताचे आणि जाहिरातबाजी भरपूर. त्या काळी प्रत्येक हौशी साइटच्या तळाशी ‘तुम्ही अमुकावे पाहुणे’ असं सांगणारा फुकटचा हिट काउंटर असे. तो देणाऱ्या परदेशी कंपनीचा दुवा त्याच्या पोटात असे. आमचा पाहुणा त्या दुव्यावरून थेट कंपनीच्या घरी गेला होता. पुरंदरच्या फोल्डरला लागून निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीचे अमेरिकन सल्ले सापडले. काकांनी ते पुसले नाहीत. “आलंय आता घरात,” म्हणाले.

पण पातळ्या आवरता येतात. आवरत नाही तो कॅलेंडरचा सापळा. हा या धंद्यातला जुना, नावाजलेला खड्डा आहे. एका संस्थेच्या साइटवर कार्यक्रमांचं कॅलेंडर होतं. वर महिना, खाली तारखांचे चौकोन, आणि कोपऱ्यात ‘पुढील महिना’ असा बाण. माणूस दोन-तीन महिने पुढे जातो, कार्यक्रम दिसत नाहीत म्हणून परततो. सॉफ्टवेअरला परतणं माहीत नाही. त्याला दुवा दिसला की ते जातं, आणि प्रत्येक महिन्याच्या कोपऱ्यात पुढच्या महिन्याचा बाण असतोच. संगणक ते पान मागितल्याबरोबर जागच्या जागी तयार करून देतो, त्यामुळे काळ कधी संपतच नाही. आठ वाजता काका घाईघाईने काम थांबवायला गेले तेव्हा सॉफ्टवेअर तेविसाव्या शतकात होतं. त्या संस्थेचा २२३१ चा ऑगस्ट महिना आजही काकांच्या संग्रहात आहे. पंधरा तारखेला लाल रंग आहे, बाकी कार्यक्रम नाही.

यावर काकांची प्रतिक्रिया मला फार आवडली. एवढी रात्र वाया गेली म्हणून त्यांनी हळहळ केली नाही. ते म्हणाले, “त्यांच्या सध्याच्या महिन्यातही कार्यक्रम नव्हता, तो आधी बघायला हवा होता.”

या सगळ्यात दुसऱ्याच्या दारात जाण्याची काही रीत असते, हेही सांगायला हवं. तुम्ही एका रात्रीत हजारो पानं मागता तेव्हा समोर कुणाचा तरी संगणक ती देत बसलेला असतो, आणि त्या वाहतुकीचे पैसे कुणीतरी भरत असतं. म्हणून १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी एक साधी पद्धत सुचवली. साइटच्या दारात ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ नावाची छोटी फाइल ठेवायची, त्यात यंत्रांनी कुठे येऊ नये ते लिहायचं. कुलूप नाही, कडी नाही, नुसती चिठ्ठी. ती पाळायची की नाही हे येणाऱ्याच्या संस्कारांवर. गंमत अशी की या चिठ्ठीला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला तो २०२२ मध्ये. अठ्ठावीस वर्षं सगळा व्यवहार नुसत्या भिडेवर चालला होता. एचटीट्रॅक ही चिठ्ठी वाचतं आणि मुळात पाळतंही. शिवाय त्याच्या माहितीपुस्तिकेत गैरवापराबद्दल एक वेगळं प्रकरण आहे : फार मोठ्या साइट उतरवू नका, समोरच्यावर ताण आणू नका, वेगाला मर्यादा घाला. बंदुकीबरोबर अहिंसेचं पुस्तक द्यावं तसं ते वाटतं खरं, पण देणाऱ्याने दिलं आहे.

दारात गेल्यावर ओळखही सांगावी लागते. प्रत्येक ब्राउझर सर्व्हरला आपलं नाव-गाव सांगतो. एचटीट्रॅक वर्षानुवर्षं सांगत आलं की मी एचटीट्रॅक, मुक्काम विंडोज ९८. एक्सपी आलं नि गेलं, व्हिस्टा येऊन गेलेलं कुणाला कळलं नाही, सेव्हन झालं, टेन झालं, आणि हा आपला दारोदार जाऊन विंडोज ९८ चाच पत्ता देतो आहे. बदली होऊन पंचवीस वर्षं झाली तरी रेशनकार्डावर जुनंच गाव ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. मला तो त्यामुळे परका वाटत नाही.

काका रात्री यायचे, एका साइटवर जायचे, चिठ्ठी वाचायचे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांची यंत्रं चोवीस तास सगळ्यांच्या सगळ्या साइट उतरवत असतात. फोटो-व्हिडिओ उतरवण्यापायी आपली बँडविड्थ २०२४ च्या जानेवारीपासून पन्नास टक्क्यांनी वाढली, आणि ती वाढ माणसांमुळे झालेली नसून मुख्यतः यंत्रांमुळे आहे, असं विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०२५ मध्ये जाहीर केलं. काकांना ही बातमी दाखवली तर ते चपापले. “आपल्यामुळे नाही ना?” त्यांनी विचारलं.

मराठी साइट उतरवणाऱ्याच्या नशिबी एक जास्तीचा भोग होता. युनिकोड रुळायच्या आधी प्रत्येक मराठी साइटचा फॉन्ट वेगळा. कुणाचा शिवाजी, कुणाचा शुषा, वर्तमानपत्रांचे आपापले खासगी. ही अक्षरं म्हणजे इंग्रजी कळांवर देवनागरीचे कपडे चढवलेले. कपडे असतील तर मराठी, नसतील तर निरर्थक रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा खच. काही साइट ‘डायनॅमिक’ फॉन्ट वापरत, तो नेट चालू असेपर्यंतच दिसे, तोही बहुतेक वेळा इंटरनेट एक्सप्लोररमध्येच. काकांनी रात्रीच्या रात्री जागून पानं आणली, फॉन्ट मात्र तिकडेच राहिला. त्यांच्याकडे दिवाळी अंकातल्या कथांच्या अशा सीड्या आहेत की ज्या उघडल्यावर नायिका डॉलरचं चिन्ह, दोन कंस आणि एक उद्गारचिन्ह एवढंच बोलते. काका त्या टाकायला तयार नाहीत. मजकूर आत सगळा आहे, नुसता दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. तांत्रिकदृष्ट्या ते शंभर टक्के बरोबर आहे, हीच अडचण आहे.

“काका, हे सगळं वाचणार कधी?” असं मी एकदा विचारलं. काकू आतून ओरडल्या, “मी रोज विचारते!”

काका शांतपणे म्हणाले, “वाचायला कशाला हवंय? असू दे.”

या उत्तरावर मी बराच विचार केला आहे, कारण उत्तर वाटतं तितकं आळशी नाही. साइट उतरवली की ती वाचायची असोशी ताबडतोब कमी होते, हा माझाही अनुभव आहे. जोवर ती तिकडे असते तोवर ती उद्या नसेल अशी धास्ती असते, म्हणून आज वाचावीशी वाटते. घरात आली की धास्ती गेली, आणि धास्तीबरोबर वाचनही. म्हणजे उतरवणं ही वाचनाची पूर्वतयारी नव्हेच. ती वाचनातून सुटका आहे. हल्ली आपण हेच काम कमी कष्टात करतो. लेखाचा टॅब उघडा ठेवतो, व्हिडिओ ‘नंतर पाहा’मध्ये टाकतो, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मजकुराला तारा चिकटवतो. काका निदान पावणेदोनला उठत तरी होते.

तरीही काकांना हसणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसत नाही. न वाचता राखून ठेवणाऱ्यांच्या जिवावरच आपल्याला पुष्कळ काही मिळालं आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत हजारो हस्तलिखितं आहेत. ती ज्यांनी नकलून काढली त्यातल्या किती जणांना आतला न्याय किंवा ज्योतिष कळत होतं, देव जाणे. समोरची पोथी दिसेल तशी उतरवायची, हे काम. शेवटी शक, तिथी, गाव, आपलं नाव लिहायचं. जसं दिसलं तसं लिहिलं आहे, चूक असली तर मला बोल लावू नका असं विनवायचं. आणि पोथीला तेलापाण्यापासून आणि मूर्खाच्या हातापासून जपा, असंही बजावायचं. एचटीट्रॅकने उतरवलेलं कुठलंही पान घ्या आणि त्याचा मूळ कोड उघडून बघा. त्यात वाचकाला न दिसणारी एक ओळ असते : हे पान अमुक पत्त्यावरून, एचटीट्रॅकच्या अमुक आवृत्तीने, अमुक वारी, अमुक तारखेला, इतके वाजून इतक्या मिनिटांनी उतरवलं. कंसात झेवियर रोश आणि मंडळींची आद्याक्षरं. बोल न लावण्याची विनंती तेवढी नाही, ती फ्रेंच माणसाला सुचली नसावी.

तेलापाण्याचा उपद्रव सीड्यांनाही झालाच. पावसाळ्यात बुरशीने त्यांच्यावर नकाशे काढले. मग लॅपटॉपांतून सीडीचा कप्पाच नाहीसा झाला. काकांनी एका उन्हाळ्यात बसून जेवढ्या चालल्या तेवढ्या सगळ्या एका हार्ड डिस्कवर चढवल्या, आणि त्या निमित्ताने प्रथमच त्या उघडल्या गेल्या. मी शेजारी होतो. माझी कल्पना होती की जुनी माहिती बघून आम्ही हरखून जाऊ. माहिती कशी असते ती तशीच होती. मजा आली ती भलत्याच गोष्टींनी. एका वर्तमानपत्राच्या पानावर ‘ताज्या घडामोडी’ लालभडक लुकलुकत होत्या, आणि त्यातली ताजी घडामोड म्हणजे डाळीचे भाव वाढले. राशिभविष्यात ‘आज प्रवास टाळा’. एका साइटवर बांधकामाची पिवळी पाटी घेऊन फावडं मारणारा माणूस होता, आणि खाली ‘हा विभाग लवकरच सुरू होत आहे’. वीस वर्षं तो फावडं मारतो आहे. मूळ साइट केव्हाच गेली, विभाग सुरू झाला की नाही सांगायला कुणी उरलं नाही, पण काकांच्या डिस्कवर अजून आशा आहे.

जाण्याचं म्हणाल तर साइट पटापट जातात. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२४ मध्ये पाहिलं की २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनंतर सापडत नाहीत. सगळ्यांत मोठं गाव उठलं ते जिओसिटीजचं. १९९४ मध्ये निघालेल्या या कंपनीने लोकांना फुकट घरं दिली, अगदी वस्त्या पाडून आणि घरनंबर टाकून. पोरासोरांनी, गृहिणींनी, पेन्शनरांनी तिथे आपापली पानं मांडली. परदेशी शिकायला गेलेल्या मराठी मुलांचीही त्यांत होती, रोमन लिपीतल्या आरत्यांसकट. १९९९ मध्ये याहूने ते सुमारे साडेतीन अब्ज डॉलरना घेतलं आणि दहा वर्षांनी, २००९ च्या ऑक्टोबरात, अमेरिकेतलं दुकान बंद केलं. बंद व्हायच्या आधी ‘आर्काइव्ह टीम’ नावाची हौशी टोळी धावली. ही सगळी काकांचीच जातकुळी. जमेल तेवढं त्यांनी उतरवलं आणि पुढच्या वर्षी साडेसहाशे जीबीच्या आसपासचं ते गाठोडं सगळ्यांसाठी मोकळं केलं. काकांच्या मापाने नऊशेच्या वर सीड्या. म्हणजे एक दिवसही न चुकवता अडीच वर्षांच्या रात्री.

आणि हीच हौस एखाद्याने आयुष्यभराचं काम म्हणून घेतली तर? ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत इंटरनेट आर्काइव्ह काढलं. एखाददुसरी साइट नको, जाहीर वेबच उतरवायचं, पुन्हापुन्हा, असा बेत. २००१ पासून कुणालाही त्यात जुनी पानं बघता येतात. २०२५ च्या ऑक्टोबरात त्यांनी एक लाख कोटी पानांचा टप्पा गाठल्याचं सांगितलं. आदल्याच वर्षी, ऑक्टोबरातच, हल्लेखोरांनी त्यांची साइट काही दिवस बंद पाडली होती. सगळ्या जगाची बेगमी ज्यांच्याकडे, तेच बंद. त्या आठवड्यात काकांच्या चालण्यात मला जरा ऐट दिसली.

आता काकांकडे फायबर आहे. वेग पाहिजे तेवढा, रात्र-दिवस सारखाच, आणि उतरवायला साइटच राहिल्या नाहीत. म्हणजे आहेत, पण पूर्वीसारखी पानं त्यांना नसतात. पान मागितलं की रिकामी चौकट येते आणि आतला मजकूर जावास्क्रिप्ट मागाहून ओढून आणते. एचटीट्रॅकने ती उतरवली तर चौकटच हाती लागते. उरलेल्या साइटना तळच नाही, बोट सरकवत राहा, खाली येतच राहतं. अशा वेळी काकांना किविक्सचा आधार मिळाला. २००७ पासून चाललेला हा प्रकल्प विकिपीडियाचं अख्खं गाठोडं बांधून एका फाइलमध्ये देतो, जिथे नेट पोहोचत नाही अशा शाळांसाठी, तुरुंगांसाठी, जहाजांसाठी. चित्रांसकट इंग्रजी विकिपीडिया शंभर जीबीच्या घरात जातो. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी त्या मानाने पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात बसतो. काकांनी दोन्ही घेतले. इंग्रजी उतरवला तेव्हा ते म्हणाले, “संपलं की रे,” आणि त्यांच्या आवाजात समाधान होतं की तक्रार, मला ठरवता आलं नाही.

काकूंना इतकी वर्षं या उद्योगाचा काडीचा उपयोग झाला नव्हता. तो प्रसंग यंदा आला. गणपतीला राजापूरकडच्या गावी जायचं होतं. तिथे घरात रेंज नाही; बोलायचं तर मागच्या कातळावर जाऊन विशिष्ट दिशेला तोंड करून उभं राहावं लागतं. काकू फोन घेऊन बाहेर आल्या.

“अहो, एवढं सगळं उतरवता, तर माझं एक काम करा. या बाई उकडीच्या मोदकांची उकड काढतात ना, तो व्हिडिओ गावाला नेटशिवाय दिसेल असा करून द्या.”

काका सरसावून बसले. चष्मा लावला. “चॅनेल कुठलं? किती व्हिडिओ आहेत त्यांचे?”

“असतील तीन-चारशे. मला ते नकोत. हा एवढा एकच हवाय.”

“अगं, पण एकच कशाला? पन्नास जीबी धर. दोन रात्रींत अख्खं चॅनेल…”

“एकच,” काकू म्हणाल्या.

काकांनी फोन हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि माझ्याकडे सरकवला. “तू बघ रे जरा. एकच कसं उतरवतात, मला कल्पना नाही.”